दोन वल्ह्यांची निशाणी

दुभंगलेलं राष्ट्र सांधायचं तर त्यासाठी थोर पुरुष जन्माला यावा लागतो. माहीमच्या कोळीवाड्याच्या वाट्याला अठराशे पंच्याण्णव साली असे एकदम दोन थोर पुरुष आले. ते येईपर्यंत वाडा चांगला एकसंध होता.

पहिले फणसवाडीचे चिंतामणराव वकील. दुसरे दादरचे विल्फ्रेडसाहेब, कुठल्याशा हापिसातून पेन्शन घेऊन बसलेले. दोघेही भले गृहस्थ. खाडीच्या तोंडाशी कोळ्यांनी रोवलेले खुंट आगबोटींच्या वाटेत येतात, ते उपटावेत, असं कुणा साहेबानं कागदावर लिहिल्याची बातमी उठली होती. खुंट म्हणजे समुद्राच्या तळात रोवलेला ताडाचा सोट. त्याला जाळं बांधायचं. पाणी वाहत राहतं, मासा येत राहतो. खुंट गेला की कोळी म्हणजे नुसता ओला माणूस. तेव्हा दोघांनीही कोळ्यांसाठी सरकारला एकेक अर्ज लिहिला. चिंतामणरावांच्या अर्जात लिहिलं होतं, खुंट ठेवावेत ही आमची मागणी आहे. विल्फ्रेडसाहेबांच्या अर्जात लिहिलं होतं, खुंट ठेवावेत ही आमची नम्र विनंती आहे. बाकी मजकूर सारखाच होता. पण राष्ट्रं बाकीच्या मजकुरावर थोडीच मोडतात!

शिमग्याच्या आत वाड्यात मागणीवाले आणि विनंतीवाले अशी दोन तडं पडली. हिंदू कोळी दोन्हीकडे, ख्रिस्ती कोळीही दोन्हीकडे. तेवढ्यापुरता न्याय होता. होळ्या दोन पेटल्या. एकाच बाप्तिस्म्याची जेवणं दोन अंगणांत झाली. विनंतीवाल्यांची सुईण मागणीवाल्यांच्या बाळंतिणीकडे जाईना. पोर कुठल्या बाजूचं हे अजून त्या पोराला माहीत नसे, पण सुईणीला माहीत असे.

आणि या सगळ्यात विठोबाच्या धोंडूनं एक चूक केली. त्यानं दोन्ही अर्जांवर निशाणी काढली.

लिहिता न येणारा शेतकरी कागदावर नांगर काढतो, तसा कोळी वल्हं काढतो. चिंतामणरावांचा माणूस आला तेव्हा धोंडूनं बोरू घट्ट धरून एक वल्हं काढलं. चार दिवसांनी विल्फ्रेडसाहेब स्वतः आले, त्यांच्याही कागदावर एक काढलं. बायको सोनूबाई म्हणाली, "अवो, परवा काढलात ना एक?"

"नाव काय एका वल्ह्यानं चालते?" धोंडू म्हणाला. "दोगं भली मानसं आपल्या खुंटासाठी धडपडतात. एकाला हो म्हनायचं नि दुसऱ्याला उन्हात उभा करायचा?"

ही गोष्ट वाड्याला कळली तेव्हा दोन्ही तडांचं, त्या वर्षात प्रथमच, एका बाबतीत एकमत झालं. धोंडू दगाबाज आहे. पोरं त्याला 'दोन वल्ही' म्हणू लागली. मोठी माणसं काहीच म्हणेनाशी झाली.

पावसाळ्यात धोंडूचा खुंट मोडला.

तसा तो धोंडूच्या बापाचा, म्हाताऱ्या विठोबाचा. बावीस वर्षं उभा होता. नारळी पुनवेनंतर नावा बाहेर पडल्या तेव्हा पाहिलं, तर जागेवर नुसतं पाणी. खुंट नाही म्हणजे हंगाम नाही. हंगाम नाही म्हणजे होळीपर्यंत दुसऱ्यांच्या नावेवर मजुरीनं जायचं. आणि धोंडूला मजुरीनंही कुणी घेणार नव्हतं. त्यानं वसईकडून एक ताड आणला, दारासमोर आडवा टाकला आणि वाकस घेऊन तासायला बसला.

ताड तासणं एका माणसाचं काम नव्हे. एकानं घाव घालायचा, दुसऱ्यानं सोट फिरवायचा. सोनूबाई फिरवायची. पहिल्या दिवशी तिच्या तळहातांची साल गेली. दुसऱ्या दिवशी तिनं लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. तिसऱ्या दिवशी घरातलं संपलं म्हणून ती सुकटीची पाटी भरून परळ-लालबागेकडे निघाली.

भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतो. इतकी वर्षं तो मागावा लागला नव्हता. पाटीपाशी वाकलं की कुणीतरी येऊन दुसरा काठ धरी. आज नाक्यावर सहा बायका उभ्या होत्या, तीन इकडच्या, तीन तिकडच्या. सोनूबाई पाटीपाशी वाकली. एकीचा हात पुढे आला, मग त्या हातानं तिनं आपला अंबाडाच सारखा केला. सोनूबाईनं पाटी ओढत ओढत ओट्याच्या काठावर नेली, स्वतः खाली गुडघ्यांवर बसली, मान पाटीखाली घातली आणि भिंतीला धरून उठली. उठताना गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. सहाही जणींनी ते ऐकलं. ती परळपर्यंत लंगडत गेली आणि गिरणीच्या फाटकाशी नेहमीच्या आवाजात ओरडली, "सुकट घ्या, सुकटऽ!"

धोंडूच्या दारासमोर रेमंडचं दार. रेमंड ख्रिस्ती कोळी, धोंडूच्याच वयाचा. दोघांच्या बापांनी एकमेकांचे खुंट रोवले होते. खुंट रोवायला दोन नावा लागतात, आणि विठोबाच्या नावेची जोडीदार रेमंडच्या घरची नाव हे वाड्यात सगळे धरूनच चालत. पण रेमंड विल्फ्रेडसाहेबांचा माणूस. धोंडूशी तो सहा महिने बोलला नव्हता. ओट्यावर बसून जाळं विणायचा आणि वाकसाचा आवाज ऐकायचा. वाकस कुठं चुकतो आहे हे त्याला आवाजावरून कळे. एका दुपारी त्याला राहवेना. त्यानं आपल्या डुकराकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "घाव तिरका पडतोय. गाठ बाजूला ठेवून मारावा."

डुकरानं मान वर केली. पलीकडे धोंडूनं गाठ बाजूला ठेवून घाव घातला. डुकराचे कुणी आभार मानले नाहीत.

सोट तयार झाला. भादव्यातल्या अष्टमीला पाण्याची ओढ सगळ्यात कमी असते. त्या दोन-तीन दिवसांत खुंट रोवायचा, नाहीतर पुढच्या पंधरवड्यापर्यंत थांबायचं, आणि तोवर वारा फिरतो. अष्टमीला पाच दिवस होते. धोंडू विनंतीवाल्यांच्या पुढाऱ्याकडे, दगडू पाटलाकडे गेला.

"पाटील, वीस मानसं लागतात."

"लागतात," पाटील म्हणाला.

"तुमची धा असती तरी..."

"तू त्या कागदावरचं वल्हं खोडून ये. मंग बघू."

धोंडू मागणीवाल्यांच्या उत्तमकडे गेला. उत्तम तरुण, दर शनिवारी गिरगावात व्याख्यान ऐकून यायचा आणि रविवारी वाड्याला ऐकवायचा. तो म्हणाला, "खोडून ये. त्या कागदावरचं."

दोघांचा 'त्या' वेगळा होता, एवढाच फरक. धोंडूनं विचार केला, कुठलंही एक खोडलं तर निदान दहा माणसं मिळतील. विल्फ्रेडसाहेब साष्टीला गेले होते. तेव्हा तो दोन नारळ घेऊन पहाटे निघाला आणि भायखळ्यावरून चालत फणसवाडीला चिंतामणरावांच्या घरी पोचला.

चिंतामणरावांनी त्याला प्रेमानं वागवलं. पायरीवर बसू दिलं. "धोंडूशेट," ते म्हणाले. धोंडूला आयुष्यात कुणी शेट म्हटलं नव्हतं. त्यानं मागे वळून पाहिलं. "तुम्ही काढलेलं ते नुसतं वल्हं नव्हे. ते या देशाच्या नौकेचं वल्हं आहे!"

"तेच खोडायचं हाय, साहेब."

चिंतामणराव हसले. मग आत जाऊन त्यांनी कपाटातून अर्ज आणला. धोंडूला वाचता येत नव्हतं, पण कागद ओळखीचा होता. त्याचं वल्हं होतं. शेजारी उत्तमचं.

"सरकारला नाय गेला?" धोंडूनं विचारलं.

"जाईल, जाईल. आमच्या मंडळींत अजून खल चालू आहे. मला आता वाटायला लागलंय की 'मागणी' हा शब्द जरा कडक होतो. विनंती करावी. माणसानं विनंतीनं वागावं." त्यांनी कागदाची घडी घातली. "शिवाय विल्फ्रेडसाहेबांनीही अजून पाठवलेला नाही म्हणतात. ते म्हणे आता मागणीच्या विचारात आहेत. मग आपण आधी कशाला? आणि हे बघा, खोडाखोड झालेला अर्ज सरकार घेत नाही. सगळ्या वाड्याचं नुकसान होईल. चालेल तुम्हाला?"

"नाय चालनार," तो म्हणाला.

नारळ चिंतामणरावांनी ठेवून घेतले. कुणाचं मन मोडू नये.

वाड्यात परतल्यावर त्यानं उत्तमला सांगितलं, अर्ज कपाटात आहेत. उत्तम म्हणाला, "हे तुला पाटलानं पढवलं." पाटलाला सांगितलं, तर पाटील म्हणाला, "उत्तमची ही भाषा मी वळखतो." धोंडू घरी आला आणि तासलेल्या सोटावर बसला. सोनूबाईनं भाताची पेज आणून दिली. ती त्यानं हातात धरून थंड केली.

म्हातारा विठोबा आतल्या खोलीत पडलेला असे. डोळे चार वर्षांपूर्वीच गेले होते. अंगात हाडं आणि खोकला एवढंच उरलं होतं. पण तो सगळं ऐकत होता. वाड्यात त्याच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतं, कारण त्याला कुणी मोजतच नव्हतं. सप्तमीला सकाळी तो उठून बसला.

"सोने, माझी टोपी दे."

"कुठं निघालात, बाबा?"

"मानसं आनाया."

लाल टोपी घालून, सोनूबाईच्या खांद्यावर हात ठेवून तो निघाला. घर ते दगडू पाटलाचं दार, पन्नास पावलं. तो चार वेळा थांबला. पाटील ओट्यावर होता.

"विठोबा? अरे, बस, बस."

"बसाया नाय आयलो. उद्या माझा खुंट रोवायचाय. धा मानसं दे."

"तुझा कुठला? खुंट धोंडूचा."

"धोंडूचा कवापासनं? मी मेलो?"

पाटलानं ओट्यावरून पाय खाली सोडले.

"मी कंच्याच कागदावर वल्हं काढलं नाय," विठोबा म्हणाला. "दिसतंय कुठं मला काढाया? तुझ्या बापाचा खुंट मी रोवलाय, दगडू. तवा तू नावेत मुतलावतास."

वाड्यातल्या चार-सहा बायका हसल्या, आणि हसताना त्यांनी आजूबाजूला कोण उभं आहे ते पाहिलं नाही. पाटलाच्या तोंडावर एक विलक्षण गोष्ट दिसली. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. सहा महिने तो ज्या दोरीला धरून उभा होता ती कुणीतरी हातातून काढून घेत होतं. "तुझा असंल तर गोष्ट येगळी," तो म्हणाला. "धा देतो."

उत्तमकडे म्हातारा टेकला, खोकला, रक्ताची गुळणी थुंकला आणि तेच म्हणाला. उत्तमनं विचारलं, "विनंतीवाले येनार काय?"

"मी खुंटासाठी मानसं मागतो, पोरा. सोयरीक नाय मागत."

उत्तमनं दहा दिली. परतताना सोनूबाईच्या लक्षात आलं, आपण म्हाताऱ्याला आधार देत नसून जवळजवळ उचलून आणतो आहोत.

"बाबा, उद्या तुमी घरीच पडा."

"जागा कोन दाखवील? तू?"

कारण जागा फक्त त्याला ठाऊक होती. समुद्रावर खूण ठेवता येत नाही. जमिनीवरच्या खुणा पाहून जागा धरतात. दोन ओळी जिथं एकमेकींना छेदतील तिथं खुंट. एक ओळ एका नावेवरून पाहायची, दुसरी दुसऱ्या नावेवरून. खुंट डोळ्यांना दिसत होता तोवर धोंडूनं बापाला कधी नीट विचारलंच नव्हतं. बाप आहे, असं धरून तो चालला होता.

अष्टमीला उजाडताच दोन नावा निघाल्या. एक धोंडूची, तिच्यात उत्तमची दहा माणसं. दुसरी रेमंडची. "पाटलांनी सांगितलं म्हनून आयलो," रेमंड आपल्या डोलकाठीला उद्देशून म्हणाला. सोट मधोमध दोरांनी बांधून पाण्यात तरंगत ओढला होता. म्हातारा धोंडूच्या नावेत, गोणपाटात गुंडाळलेला. एका नावेतली माणसं दुसऱ्या नावेकडे बघत नव्हती. समुद्र बराच मोठा आहे. दुसरीकडे बघायला पुष्कळ जागा होती.

खाडीच्या बाहेर आल्यावर विठोबानं हात वर केला. पाणी शांत होतं. त्यानं तोंड किनाऱ्याकडे वळवलं, जसं काही दिसतंय.

"धोंडू, बांद्र्याच्या टेकडीची नाकाडी दिसते? तिच्याखाली दोन ताड."

"दिसतात, बा."

"एकावर एक येऊ दे. आले की सांग. रेमंड!"

रेमंड दचकला. सहा महिन्यांत त्या घरातून त्याला कुणी हाक मारली नव्हती.

"व्हय, विठूबाबा."

"तुझ्या इगर्जीचा कुरूस चिंचेच्या शेंड्यावर आला?"

"जरा डावीकडं हाय," रेमंड चर्चच्या क्रुसाकडे बघत म्हणाला.

"मंग नाव उजवीकडं घे, डावीकडं काय बघतोस? तुझा बापूस पन असाच. आला?"

"आला!"

"धोंडू?"

"ताड एक झाले, बा!"

"दोगंबी थांबा. हीच जागा."

रेमंड जे पाहत होता ते धोंडूच्या नावेवरून दिसत नव्हतं, आणि धोंडूचे ताड रेमंडला दिसत नव्हते. दोघंही आपापल्या खुणेवर नजर ठेवून नाव धरून राहिले आणि त्यामुळे एकमेकांकडे बघायची वेळच आली नाही.

नावा जोडल्या. सोट उभा केला, त्याचं टोक चिखलात टेकलं. वरच्या बाजूला आडवं लाकूड आवळून बांधलं. आता दोन्ही नावांतली माणसं त्या लाकडाला लोंबकळणार, एकाच वेळी भार टाकणार आणि सोट इकडून तिकडे हलवत हलवत तळात बसवणार. एकाच वेळी, हे महत्त्वाचं. उत्तमनं हाळी घातली. त्याची माणसं लोंबकळली. तिकडे रेमंडकडच्या माणसांनी आपल्या मुकादमाची, दगडू पाटलाच्या भावाची, हाळी येईपर्यंत वाट पाहिली, मग लोंबकळली. सोट एकदा इकडे कलला, एकदा तिकडे, आणि बोटभरही खाली गेला नाही. असं अर्धा तास झालं. तळव्यांची सालं निघाली. दोन नावा एकमेकींवर आपटत होत्या. पाणी फिरायला घटका-दीड घटका उरली होती.

"गप!" विठोबा ओरडला. एवढा आवाज त्याच्यात कुठून आला कुणास ठाऊक. "कोन हाळी घालतोय? खुंट कुनाचा?"

सगळ्यांनी लाकूड पुन्हा धरलं.

"हैऽया!" म्हातारा म्हणाला.

वीस माणसं एकदम लोंबकळली. सोट वीतभर बसला.

"हैऽया!"

आणखी वीतभर. मग थांबलंच नाही. म्हातारा नावेच्या कडेला धरून डोकं मागे टाकून ओरडत होता आणि खोकत होता. दोन हाळ्यांच्या मध्ये जो वेळ जायचा तो त्याच्या खोकल्याचा होता, आणि माणसं त्याच्या खोकल्याबरोबर श्वास घेत होती. उत्तमच्या हाताशेजारी लाकडावर दगडू पाटलाच्या भावाचा हात होता. दोघांच्या हातांचं रक्त त्या लाकडाला एकच लागलं होतं. सोट छातीएवढा उरला. कमरेएवढा. "हैऽया!" मग एक हाळी थोडी उशिरा आली. मग आलीच नाही. पण माणसांना लय सापडली होती. ती आपोआप भार टाकत राहिली, सात-आठ वेळा, खुंट घट्ट बसून हालेनासा होईपर्यंत.

"बसला!" रेमंड ओरडला. "विठूबाबा, बसला!"

धोंडूनं मागे वळून पाहिलं. म्हातारा कडेला तसाच टेकला होता, तोंड उघडं. हाळी द्यायला उघडलं असावं. लाल टोपी पायाशी पडली होती.

परत येताना नावा सोडवायचं कुणाच्या मनात आलं नाही. दोन्ही एकमेकींना बांधलेल्या तशाच निघाल्या. डावीकडे मागणीवाले वल्हवत होते, उजवीकडे विनंतीवाले. मध्ये म्हातारा. किनाऱ्यावर सोनूबाई गुडघा चोळत उभी होती. बांधलेल्या नावा आणि धोंडूच्या हातातली लाल टोपी पाहून तिला कळलं. ती पाण्यात कमरेपर्यंत चालत आली, वाळूत पडलेली एखादी वस्तू उचलावी तशी तिनं ती टोपी घेतली आणि झटकली. मग तिला रडू आलं.

मयताला सगळा वाडा गेला. विठोबानं कुठल्याच कागदावर वल्हं काढलं नव्हतं, तेव्हा त्याला खांदा द्यायला कुणाचीच हरकत नव्हती. रेमंडनं स्मशानापर्यंत खांदा बदलला नाही. त्या दिवशी मग दुसरी एकही नाव समुद्रावर गेली नाही.

दहाव्याला दोन्ही थोर पुरुष आले. चिंतामणराव म्हणाले, वृद्ध विठोबांनी आम्हाला ऐक्याचा मार्ग दाखवला. विल्फ्रेडसाहेब म्हणाले, दिवंगत विठोबांनी आम्हाला ऐक्याचा मार्ग दाखवला. मग वृद्ध म्हणावं की दिवंगत यावर त्यांचं थोडं बोलणं झालं. अर्ज कुठे आहेत हे कुणी विचारलं नाही. धोंडू डोकं भादरून कोपऱ्यात बसला होता. त्याला विचारायचं होतं. पण बापाच्या दहाव्याला पाहुण्यांना लाज आणू नये म्हणून तो गप्प बसला.

तेराव्यानंतर वाडा पुन्हा पहिल्यासारखा झाला. खुंट आता धोंडूचा होता, आणि धोंडूनं दोन वल्ही काढली होती. पाटील वाटेत भेटला तर खाकरून बाजूला वळे. उत्तम रविवारी व्याख्यान ऐकवी, पूर्वीपेक्षा जरा कमी मोठ्यानं. नाक्यावर सोनूबाईला पाहिलं की बायकांचं बोलणं थांबे. काही जणींचं थांबायचं, काहींचं थांबता थांबता राहायचं. एवढाच काय तो फरक पडला होता, आणि तो मोजता आला नसता.

एका सकाळी धोंडू जाळं बांधायला लहान होडीतून एकटाच खुंटावर गेला. ताड एकावर एक आले. दुसरी ओळ कुणाला विचारायची नव्हती; खुंट समोर उभा होता. त्यानं खुंटाला हात लावला. बापाला स्मशानात पोचवल्यापासून तो रडला नव्हता. तिथं, त्या ओल्या लाकडाला कपाळ टेकून, बराच वेळ रडला.

मागे वल्ह्याचा आवाज झाला. रेमंड आपली होडी घेऊन आला होता. तोही एकटा. तो वीसेक हातांवर थांबला आणि वल्हं आडवं धरून बसून राहिला. धोंडूनं डोळे पुसले नाहीत. आता हा बोलेल, त्याला वाटलं. सहा-सात महिन्यांचं सगळं. रेमंडनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. टोपी काढली, पुन्हा घातली. लाटेनं त्याची होडी हळूहळू जवळ आणली, इतकी की काठ काठाला लागला. रेमंडनं खुंटाकडे पाहिलं, मग धोंडूच्या भादरलेल्या डोक्याकडे, मग आपल्या पायांकडे.

"धोंडू," तो म्हणाला.

"बोल."

"ती पानी उपसायची करवंटी दे रे जरा. माझी होडी गळतेय."